आधी निकाल, मग गोष्ट

मंदारचा पहिला फोन मला ऑफिसच्या मीटिंगमध्ये आला. उचलला, तर हॅलो नाही की काही नाही. "ताई, आग लागलेली नाही," तो म्हणाला. "मी मंदार बोलतोय."

आग लागलेली नाही हे सांगायला कुणी घरून फोन करतं, तेव्हा कुठंतरी काहीतरी जळतंय हे न कळण्याइतकी मी बावळट नाही. टोस्टरमध्ये ब्रेड अडकून धूर झाला होता. पण मंदारचा नियमच तो. आधी निकाल, मग गोष्ट.

डब्लिनच्या कडेला सिटीवेस्टला आमच्या वरच्या छोट्या खोलीत तो भाड्यानं राहतो. मूळचा बार्शीचा, इथं डॉक्टरकी शिकतोय. व्हायचंय त्याला पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे गाठीचा तुकडा काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचा आणि ती साधी की वाईट ते सांगायचं. पेशंटला हा डॉक्टर सहसा दिसतही नाही. मी मनात म्हटलं, बरंच आहे, ह्या मुलानं पेशंटशी न बोललेलंच बरं.

कारण बोलायची तऱ्हा अशी. माझ्या वाढदिवसाला रंगीत कागदात गुंडाळलेलं काहीतरी हातात ठेवलं आणि म्हणाला, "आत छत्री आहे." एकदा आम्ही नवरा-बायको एका खुनाच्या मालिकेचा शेवटचा भाग जीव मुठीत धरून बघत होतो. हा पाणी प्यायला खाली आला, टीव्हीकडे नजर टाकली, "माळी. माळ्यानं मारलंय. आता निवांत बघा," म्हणाला आणि जिना चढून गेला. समीर, म्हणजे माझा नवरा, आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही. मंदारला कळेचना, की ह्यांच्या जिवाचा घोर मिटवला तर हे चिडले कशाला.

दूध संपलं ही त्याच्या हिशेबी ‘मध्यम बातमी’. लुआस, म्हणजे इथली ट्राम, बंद पडली हीसुद्धा मध्यमच. चांगल्या बातमीला तो इथल्या लोकांसारखं ‘ग्रँड’ म्हणतो. स्वयंपाकात त्याला येतं ते फक्त वरण-भात. पण तो असा करतो की बोटं चाटत राहावं. मदत केलेली खपत नाही. शिट्ट्या होईपर्यंत कुकरसमोर हात बांधून उभा असतो आणि तेवढा वेळ त्याच्याशी बोलायचं नाही. कुठं शिकलास विचारलं, तर "आईकडे, दिवाळीच्या सुट्टीत," एवढंच.

मग त्याचं ते इलेक्टिव्ह आलं. म्हणजे उन्हाळ्यात महिनाभर आपल्या पसंतीच्या दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊन काम शिकायचं. मित्रांनी कुणी ऑस्ट्रेलियाचा समुद्र बघून ठरवलं, कुणी अमेरिकेतलं मोठं नाव बघून. मंदार आमच्या स्वयंपाकघरात बसून जगभर फोन लावू लागला. तोही प्रोफेसरांना नाही, त्यांच्या सेक्रेटरीला. प्रश्न एकच: "शुक्रवारी चार वाजता एखाद्याचा बायॉप्सीचा रिपोर्ट तयार झाला, तर त्या माणसाला तो कधी कळतो?"

बहुतेकांनी ई-मेल करा म्हणून सांगितलं. एकीनं विचारलं, "तुम्ही पत्रकार आहात का?" एकानं फोनच ठेवला. मी पोळ्या लाटता लाटता ऐकत होते आणि कपाळावर हात मारून घेत होते.

तेवढ्यात लंडनच्या एका बड्या हॉस्पिटलनं त्याला घेतलं. तिथल्या प्रोफेसरांच्या शिफारशीवर पुढची नोकरी मिळते म्हणे. घरात आनंदीआनंद. होकार कळवायचा तेवढा बाकी होता. आणि ह्या बाबानं एक शेवटचा फोन लावला, आयर्लंडच्या पश्चिमेच्या टोकाला, एका छोट्या हॉस्पिटलात. स्पीकरवर एका वयस्कर बाईंचा आवाज आला.

"आह शुअर, गॉड लव्ह देम," प्रश्न ऐकून त्या म्हणाल्या, "वुड यू लीव्ह द पुअर क्रीचर टिल मंडे? बिचाऱ्या जिवाला सोमवारपर्यंत टांगून ठेवायचं होय? डॉक्टरनं कोट घातला असला तरी मी त्याला परत बसवते. सर्जनला फोन झाल्याशिवाय आमच्याकडे कुणी घरी जात नाही."

मंदारनं लंडनला नकार कळवला.

मी भडकले. "अक्कल गहाण टाकलीस का? लंडन सोडून मेंढरांत जाऊन बसणार?"

"ग्रँड बातमी आहे, ताई," तो म्हणाला. "तिथं जागा मिळाली."

मी सरळ त्याच्या आईला व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, काकूंनीच कान उपटावेत. तर सगळं ऐकून काकू हसायलाच लागल्या.

"शुक्रवारचं विचारतो व्हय? अगं, तिसरीत होता. माझ्या छातीत गाठ निघाली. तुकडा तपासायला दिला आणि आली की दिवाळी. लॅबला कुलूप. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. ह्याच्या बाबांना तर चहासुद्धा येत नाही. मग ह्यालाच कुकर लावायला शिकवला. स्टुलावर उभा राहून मुळूमुळू रडायचा आणि शिट्ट्या मोजायचा."

"आणि रिपोर्ट?"

"चांगला! सुट्टी लागायच्या आधीच तयार होऊन टेबलावर पडला होता म्हणे. सांगायचं राहिलं. फुकट रडलो बघ." काकू पुन्हा हसल्या. ठणठणीत आहेत.

मला मात्र हसू येईना. वर मंदार बॅग भरत होता. त्याला आवडतो तो लसणाचा ठेचा केला आणि डब्यात भरून दिला.

तो गेल्यावर घर सुनं सुनं झालं. मालिकेत खुनी कोण ते आम्हाला शेवटपर्यंत कळेना, आणि समीरलाच करमेनासं झालं.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी मी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडीत पिशव्या ठेवत असताना त्याचा फोन आला.

"ग्रँड बातमी आहे, ताई. माझी नाही, एका पेशंटची. नाव-गाव सांगत नाही. गाठ साधी निघाली. सरांनी मलाही स्लाइड दाखवली. ते निघालेच होते, पण सेक्रेटरीबाई दारात उभ्या. सरांनी सर्जनला फोन केला, त्यांनी लगेच तिला कळवलं."

"वा," मी म्हटलं.

"तिला मूल आहे की नाही, मला माहीत नाही," तो म्हणाला. "पण असलं, तर ह्या शनिवार-रविवारी त्याला कुणी कुकर शिकवणार नाही."

त्या बाईला मी ओळखत नाही, कधी भेटणारही नाही. पण इतकं हायसं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. हातातली पिशवी तशीच धरून मी उभी राहिले.

"ताई?" मंदारचा आवाज एकदम बारीक झाला. "काय झालं? बोला ना."

"काही झालेलं नाही," मी आधी सांगून टाकलं, आणि मग नाक पुसलं.