व्हेनिसवाले देवधर काका

आमच्या देवधर काकांकडे चहाला गेलं की ते आधी हात तपासतात. तळवे, नखं, बोटांच्या बेचक्या. मग साबण, मग कोरा टॉवेल. एवढं सगळं सोसल्यावर चहा येतो म्हणता? नाव नको. येतो एक जुना नकाशा. "एकच बोट फिरवा कडेवरून. हलकेच हं! लागला खड्डा? तांब्याचा पत्रा दाबून छापलाय. पत्र्याची कड आहे ती, कड!"

काका जपानात, इचिकावाच्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतात. मुंबईहून तीन वर्षांच्या पोस्टिंगवर आले ते इथलेच झाले. आता रिटायर. काकूंना जाऊन सात वर्षं झाली. मुलगी मुक्ता नागोयाला मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. काकांचा जीव अडकलाय तो जुन्या इटालियन नकाशांत. ते छापणाऱ्या व्हेनिसच्या एका कुटुंबाबद्दल असं बोलतात, की ऐकणाऱ्याला वाटावं काकांची सासुरवाडीच तिकडची.

"आमच्या व्हेनिसवाल्यांकडे आजोबा डोंगर कोरायचे, मुलगा अक्षरं घालायचा, सुना रंग भरायच्या. तीन पिढ्या एका टेबलाशी, नीलिमाताई! कधी वाद नाही."

"वाद नकाशात कसे दिसणार हो काका?" मी एकदा बोलून गेले. चार दिवस लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ करून उभे होते.

काकांच्या संग्रहातला जपानचा नकाशा त्यांचा विशेष लाडका. त्यात जपान म्हणजे आडवं पडलेलं वांगं आणि क्योतो भलतीकडेच. मी हसले तर म्हणाले, "ते कुठे आले होते इथे? खलाशांनी सांगितलं तसं काढलं. पण एकेक डोंगर बघा किती जीव लावून कोरलाय!" हा नकाशा मुक्तासाठी राखलेला. लहानपणी ती जेवायला त्रास द्यायची, तेव्हा काका तिचं बोट धरून त्या कडेवरून फिरवायचे आणि काकू घास भरवायच्या. आता काका फोनवर दहा मिनिटं मराठीत बोलतात, तिकडून जपानीत "हाइ, हाइ, दाइजोबु" येतं, म्हणजे हो हो, ठीक आहे, आणि फोन बंद. "बिझी असते," काका आपल्याला समजावतात.

आता माझा पराक्रम. लिहितानाही कानशिलं तापतात.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीची सजावट माझ्याकडे होती. मागे तो नकाशा लावायचा असं मी ठरवून टाकलं. काका नाहीच म्हणत होते. मी शेवटचं अस्त्र काढलं, "गणपतीला नाही म्हणता, काका?" बिचाऱ्यांनी मऊ फडक्यात गुंडाळून नकाशा माझ्या हातावर ठेवला. "मुक्ताचा आहे हो," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर माझ्या डोळ्यांसमोर मंडळाची पोरं आणि त्यांचे मोदकाचे तुपकट हात नाचायला लागले. आणि मला लॅमिनेशनचं वेड! आरत्या, कोणत्या वारी कोणता कचरा टाकायचा त्याचा तक्ता, लेकीची सर्टिफिकेटं, काही म्हणून सोडलेलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मशीनमध्ये नकाशा सरकवला. इकडून म्हातारा गेला, तिकडून चकचकीत होऊन आला. मी स्वतःवरच खूश!

गणपतीच्या दिवशी काका त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. "छान. छान केलंत," म्हणाले आणि प्रसाद न घेता गेले. संध्याकाळी नकाशा परत द्यायला निघालेल्या नवऱ्याजवळ मी करवादले, "मेलं, कौतुकाचा एक शब्द धड नाही!"

सोमवारी ऑफिसातल्या सातो-सानना, त्यांना जुन्या पुस्तकांचा नाद म्हणून, हौसेने फोटो दाखवला. त्यांनी दातांतून श्वास आत ओढला आणि म्हणाले, "नीलिमा-सान, हे चोत्तो..." चोत्तो म्हणजे जरासं. जपानी माणूस जरासं म्हणून वाक्य अर्धवट सोडतो, तेव्हा समजायचं की पार वाट लागलीय. खोदून विचारल्यावर त्यांनी सांगितलं: तापलेला गोंद कागदात मुरतो, प्लास्टिक आता निघणार नाही, ओढलं तर कागद फाटेल. आणि ती कड? दाबली जाऊन सपाट झाली असणार. तीन-चारशे वर्षं टिकलेला कागद मी मिनिटभरात संपवला होता. मला त्या मशीनकडे बघवेना.

सहा दिवस मी लिफ्ट सोडून जिन्याने गेले. काका भेटले तर काय बोलणार? शेवटी रविवारी मनाचा हिय्या करून, बेसनाचे लाडू घेऊन वर गेले. जे असेल ते सांगून टाकायचं. त्यांनी चार शब्द सुनावले तर निदान सुटेन तरी.

दार उघडंच होतं. आतून नागोयाहून आलेल्या मुक्ताचा आवाज येत होता, तोही मराठीत! मोडकं होतं, पण नुसता भडिमार. "बाबा, तुम्ही लॅमिनेट केला? तुम्ही? आईने मला भरवलं ह्याच्यावर! मला विचारायचं ना आधी! फोन करायचा ना!" रडत होती पोरगी.

काका खुर्चीत बसून ऐकत होते. मला बघून मुक्ता म्हणाली, "बघा काकू! म्हणतात, पावसाची भीती वाटली म्हणून केला!"

मी तोंड उघडलं. "मुक्ता, अगं तो मी..."

"या नीलिमाताई, बसा," काकांनी मला मध्येच तोडलं. लाडवांचा डबा घ्यायला उठून दाराशी आले आणि अगदी हळू म्हणाले, "काही बोलू नका. तासभर रागावतेय. आई गेल्यापासून इतकं बोलली नव्हती माझ्याशी." त्यांचे डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर सण होता.

गुन्हा माझा, आणि तो या माणसाने आपल्या नावावर घेतला होता.

"काकू, तुम्ही तरी सांगा ना त्यांना!" मुक्ता डोळे पुसत म्हणाली.

काका माझ्याकडे बघत होते.

"काय हे काका," मी म्हटलं, "असं करतं का कुणी?"

काकांनी मान खाली घातली. "चुकलं माझं," म्हणाले.