मान झुकवा, पुढे चला

"काकू, उद्या हिदाकासाहेब माझ्या खोलीतून हसत हसत चालत बाहेर येतील! नाही आले तर तुमचा भोंगा वाजवत गल्लीभर टोफू विकीन!"

मोरिवाकीने अशी छाती ठोकली आणि टोफूवाल्या कुझुहारा काकूंनी अख्ख्या कावासाकी बाजारासमोर पैज घेतली. "आलेच, तर मी वर्षभर तुला फुकट टोफू घालीन, मेल्या!"

संगणक कपाटाएवढे असण्याचा तो काळ. मोरिवाकीने कंपनीसाठी त्यात एक आभासी बंगला बांधला होता. डोक्यावर हंड्याएवढा चष्मा चढवायचा, की दालनादालनांतून कंपनीची चित्रं, फिल्मा, संगीत! बटण नाही, काही नाही. मान झुकवली की पुढचं दालन. शेवटच्या दालनात संगणकातली एक बाई होती. पाहुणा झुकला की तीही झुकायची. कंपनीचे बडे साहेब हिदाका खूश झाले नाहीत, तर बंगला गोदामात आणि मोरिवाकी पंख्यांच्या कारखान्यात!

चाचण्या सगळ्या त्याने एकट्याने केल्या होत्या. रिकाम्या खोलीत वाकून नमस्कार कोण कुणाला करणार?

दुसऱ्या दिवशी साहेबांनी चष्मा चढवला.

"स्वागत असो, साहेब!" मोरिवाकी म्हणाला.

साहेब रीतसर वाकले. सूं! पहिलं दालन गेलं.

"अरेरे! माफ करा, साहेब!"

"छे छे, माझंच चुकलं!" साहेब पुन्हा वाकले. दुसरं गेलं!

"साहेब, वाकू नका!"

"माफ करा हं!" साहेब आणखी खाली वाकले. तीन दालनं एकदम! धुलाईयंत्राची फिल्म, समुद्राची गाज आणि कंपनीचं गाणं एकमेकांच्या उरावर बसली.

पोचले थेट बाईपाशी. साहेब वाकले. बाई वाकली. साहेब वाकले. बाई वाकली.

"साहेब, थांबा! ती खोटी आहे हो!"

"म्हणून काय झालं? बाईमाणूस वाकतंय आणि मी खांबासारखा उभा राहू?"

बाईला कंबर नव्हती. साहेबांना होती. कट्!

साहेब बाहेर आले, पण स्ट्रेचरवरून. हसत तर मुळीच नव्हते!

आठवड्याने मोरिवाकी डोक्यावर तोच चष्मा आणि हातात टोफूचा ट्रे घेऊन भोंगा फुंकत निघाला. गल्ली लोटपोट!

"जोरात फुंक रे, बंगलेवाल्या!" काकू ओरडल्या.

तेवढ्यात कंबरेला पट्टा बांधून हिदाकासाहेब समोर!

"मोरिवाकी, बंगला राहू दे. चांगलाय. फक्त त्या बाईला ताठ उभी कर."

मोरिवाकीला भरून आलं. तो कमरेतून वाकला. ट्रेमधला सगळा टोफू साहेबांच्या बुटांवर!

"माफ करा, साहेब!"

"छे छे, माझंच चुकलं!" म्हणत साहेब वाकले.

कट्!