बसून ऐकायचा अल्बम

"ह्या खेपेला लोकं बसून ऐकतील! खुर्चीवर! मांडीवर हात ठेवून!" वडीगोद्रीच्या भुजंगनं बायकोला, पुष्पाबाईला, छातीठोक सांगितलं.

सांगणारच की! बिचारा इतकी वर्षं वरातीच्या बँडमध्ये गात आलेला. गळा असा की काळीज हलावं. पण ऐकतंय कोण? सगळ्यांचं ध्यान नाचण्यात! अशात त्याला नमन भेटला. जालन्याच्या बियाणेवाल्या सुरजमल शेठजींचा नातू, मुंबईत गिटार वाजवून रॉकस्टार झालेला. बहिणीच्या वरातीत भुजंगचा आवाज ऐकून पठ्ठ्या नाचायचाच थांबला. "काका, तुमच्या एकट्याचा अल्बम मी काढतो," म्हणाला.

आजोबांच्या रिकाम्या गोदामात रेकॉर्डिंग मांडलं. भुजंग माइकसमोर उभा राहिला आणि आवाजच फुटेना!

"काय झालं, काका?"

"उभ्यानं न्हाई जमत, मालक. आजवर चालतच गाऊन राह्यलो."

"मंग चाला!"

चार पावलांत भिंत आली. भुजंग वळला, सूर गेला. वरात कधी मागं फिरते का! शेवटी नमननं बॅटरीसकट सगळं सामान हातगाडीवर चढवलं आणि गाडी काढली रस्त्यावर. पुढं भुजंग गातोय, मागं रॉकस्टार गाडी ढकलतोय! आवाज काय लागला म्हणता! पण चौक येईस्तोवर रिक्षावाले उतरून नाचायला लागले. शेठजींच्या घरावरून जाताना नमनची आई राजकुमारीबाई ओवाळायचं ताट घेऊन धावतच आल्या.

"लग्न केलंस? अन् आईला सांगितलंबी न्हाई?"

"आई, गाणं रेकॉर्ड करून राह्यलो!"

"ते कर. आधी नवरी कुठंय ते सांग!"

हे सगळं अल्बममध्ये गेलं. नमन म्हणाला, "काका, यातच जान आहे. राहू द्या!"

अल्बम निघाला. वडीगोद्रीत मंडप घातला, खुर्च्या मांडल्या, पहिल्या रांगेत सुरजमल शेठजींना बसवलं. गाणं सुरू झालं मात्र, सगळ्या खुर्च्या रिकाम्या! बसून ऐकते म्हणून शब्द दिलेली पुष्पाबाईसुद्धा पदर खोचून नाचायला लागली. घरचीच फितूर, आता काय बोलणार!

एकटे शेठजी तेवढे शेवटपर्यंत बसून. डोळे मिटलेले, हात मांडीवर. भुजंगला भरून आलं. त्यानं जाऊन पायच धरले.

"शेठजी, तुम्ही एकट्यानंच बसून ऐकलं बघा!"

"करतो काय बाबा," शेठजी कळवळले, "गुडघ्याचं ऑपरेशन झालंय! सोड, सोड तो पाय! बरा असतो तर सगळ्यात पुढं नाचलो असतो!"

भुजंगनं पाय सोडला, एक सुस्कारा टाकला आणि गेला पुष्पाबाईशेजारी नाचायला.