दुभाष्याची जागा

परकी भाषा शिकण्यातला मोठा धोका असा, की ती कधीतरी बोलावी लागते. पुण्यात हा धोका फार पूर्वी ओळखला गेला होता.

पेशवाईच्या उतारकाळात पर्वतीच्या अलीकडे तोफा ओतण्याचा एक लहानसा कारखाना होता (शोधायला जाऊ नका; तिथे आता पार्किंग आहे). तिथे बार्तोलो नावाचा स्पॅनिश कारागीर नोकरीस लागला. त्याचे बोलणे कुणाला कळेना, तेव्हा कारभारी दिगंबरपंतांनी दुभाष्याची जागा काढली आणि दप्तरात कागदांच्या नकला करण्यात केस पांढरे केलेल्या यज्ञेश्वरपंतांना बोलावले.

"वर्षभरात भाषा शिका. नाही जमली तर गडावरच्या कोठीवर रुजू व्हा."

गडाला सातशे पायऱ्या होत्या आणि यज्ञेश्वरपंतांना दमा होता. पंत शिकू लागले.

शिक्षण रीतीप्रमाणे झाले. गुरूने एकदा म्हणायचे, शिष्याने दोनदा म्हणायचे, अर्थ सवडीने बघायचा. बार्तोलो भाकरीचा घास घेऊन 'कोमो' म्हणे, म्हणजे मी खातो. मग भाकरी पंतांपुढे धरी. पंत भाकरीकडे बघतही नसत. डोळे मिटून 'कोमो, कोमेस, कोमे' आधी सुलटे, मग उलटे, मग जोडीजोडीने घोकत. सहा महिन्यांत वर्तमानकाळ तोंडपाठ झाला. (भूतकाळ शिकवला नाही. त्याची पुण्यात टंचाई नव्हती.)

त्याच सुमारास बार्तोलो भाजीवाल्या मैनाकडून मराठी शिकला. तिची पद्धत अगदीच अशास्त्रीय होती. तो चुकला की ती पोट धरून हसे आणि वांगी मात्र देई. तीन आठवड्यांत तो घासाघीस करू लागला.

पंतांनी बार्तोलोशी स्पॅनिशचा एक शब्दही बोलून पाहिला नव्हता. चुकलो तर? पुण्यात चुकलेल्या माणसाची चूक त्याच्या नातवापर्यंत पोचवतात.

परीक्षेला तीन विद्वान बसले. तिघांनाही स्पॅनिश येत नव्हते, त्यामुळे निकाल निःपक्षपाती लागला. पंतांनी वर्तमानकाळ उलटा म्हणताच शाल मिळाली.

"आता त्याच्याशी जरा बोला की," दिगंबरपंत म्हणाले.

पंतांना घाम फुटला. ते बघून बार्तोलोलाच दया आली. "आवो पंत," तो म्हणाला, "जेवला का न्हाई?"

परक्यालाच मराठी येते म्हटल्यावर दुभाष्याची गरज काय? पंतांना आत्तापासूनच पायऱ्या चढल्यासारखी धाप लागली. पण दिगंबरपंत मुरलेले होते.

"याला मराठी म्हणतात होय? ही मैनाची भाषा!"

लगेच ठराव झाला: बार्तोलोचे मराठी अशुद्ध असल्याने त्याला मराठी येत नाही असे समजावे, कारखान्यात त्याने फक्त स्पॅनिश बोलावे. जागा वाचली.

पुढच्याच मंगळवारी नव्या तोफेची चाचणी होती. बत्ती दिली आणि बार्तोलोला नळीवर चीर दिसली.

"आवो, फुटतीय ती! लांब व्हा!"

"ठरावाप्रमाणे बोला!" दिगंबरपंत कडाडले.

बार्तोलोने कपाळावर हात मारला आणि तेच स्पॅनिशमध्ये ओरडला, "से रोम्पे!"

"काय म्हणतोय तो, यज्ञेश्वरपंत?"

पंतांना कळले होते. जन्मात प्रथमच परक्या माणसाचे बोलणे थेट कळले होते! ओठही उघडले. पण एकदा खात्री केलेली बरी, म्हणून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली, "रोम्पो, रोम्पेस..." तिसऱ्या रूपावर येईतो बार्तोलोने त्यांना मागून खेचून खड्ड्यात पाडले आणि तोफ फुटली.

नुकसान: एक तोफ, चार पगड्या, दिगंबरपंतांची डावी मिशी. (शेजारच्या मारुतीला काही झाले नाही, असे पुजाऱ्याने आवर्जून कळवले.) चौकशीत दुभाष्याचे भाषांतर तपासले गेले. त्यात एकही चूक सापडली नाही, कारण भाषांतरच सापडले नाही. पंत जागेवर कायम झाले.

बार्तोलोने नोकरी सोडली. जाताना दारात थांबून म्हणाला, "येतो, पंत." यावर स्पॅनिशमध्ये काय म्हणायचे, ते पंतांना पक्के ठाऊक होते. त्यांनी उपरणे नीट केले.

आपण हसलात, हे ठीकच. आपण शाळेत दहा वर्षे परकी भाषा शिकलात. गुणही उत्तम होते. परवा एका परक्या पाहुण्याने आपल्याला स्टेशनचा रस्ता विचारला, तेव्हा न वाजलेला फोन कानाला लावून पुढे कोण निघून गेले?