तीनशे अकरा स्थळं आणि एक नारळ

"माणूस धावत असताना त्याच्या अंगाचं माप घ्यायचं, आणि तेही इंचभर न चुकता! असं काम आहे आजचं!" दसऱ्याच्या सकाळी चहाची बशी खाली ठेवत काशीनाथरावांनी जाहीर केलं.

माप खरं तर त्यांची मुलगी संचिता घेणार होती. ती अंधेरीच्या एका कॉम्प्युटर कंपनीत होती. पण घोषणा करण्याचं खातं त्या घरात पहिल्यापासून काशीनाथरावांकडेच होतं.

प्रकरण असं. काशीनाथराव रत्नागिरीकरांच्या वधू-वर मंडळाचे चिटणीस. शांती नगरातल्या त्यांच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी, मंडळाचा कॉम्प्युटर. त्यात तीनशे अकरा स्थळं. येत्या रविवारी मेळावा, आणि मेळाव्याचं पुस्तक उद्या संध्याकाळपर्यंत छापखान्यात द्यायचं. अशा ऐन वेळी कॉम्प्युटरच्या पोटातून टक, टक, टक असा आवाज येऊ लागला, म्हाताऱ्या माणसानं सुपारी फोडावी तसा!

संचितानं कान लावला आणि म्हणाली, "बाबा, डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. हा आता बंद केलात तर परत सुरू होईलच असं नाही."

"मग?"

"चालू ठेवूनच अख्खी डिस्क या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेऊ. तीन तास लागतील. आणि नीट ऐका, सुरू केल्या क्षणाचा फोटो निघतो. पुढे तुम्ही..."

पण काशीनाथराव फोनपाशी पोहोचलेसुद्धा होते! कारण मंडळाचे अध्यक्ष हरिश्चंद्रभाऊ. त्यांनी दोन वर्षांपूर्वी भर सभेत सांगितलं होतं, 'डबा बंद पडला की मंडळ बंद पडेल, फायलीच बऱ्या.' त्या दिवसापासून काशीनाथराव या दिवसाची वाट बघत होते.

"भाऊ, सोनं द्यायला आमच्याकडेच या. चालू कॉम्प्युटर उतरवतोय. बंद न करता! हो हो, चालूच!"

दहा वाजता संचितानं बटण दाबलं. पडद्यावर एक निळी पट्टी गोगलगायीच्या चालीनं सरकायला लागली. काशीनाथराव स्टूल टाकून समोर बसले आणि घरात संचारबंदी लागू झाली. मिक्सर बंद! पंखा एकवर! कुणी खोकू नये!

"श्रीखंड हातानं फेटू का आता?" बायको, संपदा, स्वयंपाकघरातून म्हणाली.

"एक दिवस फेट!"

अकरा वाजता संचिता आंघोळीला गेली आणि काशीनाथरावांच्या डोक्यात वीज चमकली. मशीन चालू आहे म्हणजे त्यावर लिहिता येतं! आणि लिहायचं एक काम गेले आठ महिने राहून गेलं होतं. जगाची लग्नं जुळवणाऱ्या चिटणिसाची स्वतःची मुलगी मात्र पुस्तकात नव्हती. 'माझं नाव घातलंत तर मी मेळाव्याला येणार नाही,' असं तिनं बजावलं होतं. पण एकदा पुस्तक छापून आलं की काय करणार?

दोन बोटांनी त्यांनी भराभर बडवलं. 'तीनशे बारा. चि. सौ. कां. संचिता. संगणक अभियंता. मनमिळाऊ.' इथे ते जरा थांबले. मग सत्याला फार त्रास न देता त्यांनी 'गृहकृत्यदक्ष'ही टाकलं. न्हाणीघराची कडी वाजली तेव्हा ते स्टुलावर देवासारखे बसले होते.

"काही हात नाही ना लावलात?"

"मी? छे!"

साडेबाराला हरिश्चंद्रभाऊ आपट्याची पानं घेऊन आले. मागोमाग समोरच्या ब्लॉकमधल्या हंसाबेन. "काशीनाथभाई, ये चालू में कॉपी होता है? वाह!" काशीनाथरावांची छाती अशी फुगली की शर्टाच्या दुसऱ्या बटणानं जीव मुठीत धरला.

"पण पूजा?" संपदा ताट घेऊन आली. "दसऱ्याला यंत्र बंद ठेवतात, तेव्हा त्याची पूजा होते."

"आज चालू यंत्राची पूजा! हार आण."

हार सीपीयूवर चढला. हळद-कुंकू झालं. हरिश्चंद्रभाऊंनी, मन फारसं नसताना, आपट्याचं एक पान वर ठेवलं. पट्टी एक्क्याण्णव टक्क्यांवर होती.

"नारळ बाल्कनीत फोडा," संपदा म्हणाली.

"यंत्रासमोर वाढवतात नारळ! भाऊ बघतायत!"

काशीनाथरावांनी तिथेच पाटा मागवला आणि अध्यक्षांकडे एक नजर टाकून असा घाव घातला की नारळाचे तीन तुकडे झाले आणि पाणी थेट जमिनीवरच्या एक्स्टेन्शन बोर्डात!

फट्!

पंखा थांबला. फ्रिज गप्प झाला. आणि बॅटरीवर आलेला यूपीएस लहान पोराला चिमटा काढल्यासारखा किंचाळायला लागला. टीं! टीं! टीं!

"बाबा!! यूपीएस जुना आहे, पाच मिनिटं चालेल!"

काशीनाथरावांनी मेन स्विच वर केला. खट्, तो खाली! परत वर, परत खाली! हरिश्चंद्रभाऊ सोफ्यावरून शांतपणे म्हणाले, "फायलींना नारळाचं पाणी चाललं असतं." ही नोंद काशीनाथरावांनी मनात लाल शाईनं करून ठेवली.

"मेरे घर से वायर लो!" हंसाबेन ओरडल्या.

मग काय! हंसाबेनच्या घरातून त्यांच्या नवरात्रातल्या दिव्यांच्या माळांची लांबलचक वायर निघाली. जिन्यावरून ओढली, तर हॉलच्या दारापर्यंतच पुरली. संचितानं यूपीएसची वायर ताणली. मध्ये वीतभर अंतर! शेवटी काशीनाथराव आणि अध्यक्ष दोघांनी मिळून अख्खं टेबल, कॉम्प्युटर, हार, आपट्याचं पान यांसकट पालखीसारखं उचललं.

"हळू! डिस्क फिरतेय!" संचिता ओरडली.

"मी काय नाचतोय का?" भाऊ धापा टाकत म्हणाले.

यूपीएसनं शेवटचा लांब सूर काढला आणि त्याच क्षणी संचितानं प्लग खुपसला. सूर तुटला. पट्टी हलली. पंच्याण्णव... अठ्ठ्याण्णव... शंभर!

हंसाबेननी टाळ्या वाजवल्या. काशीनाथरावांनी कपाळावरचा घाम पुसून आपल्या हातानं कॉम्प्युटर बंद केला. परत सुरू केला, तर नुसतं टक, टक. डिस्कनं प्राण सोडला होता. पण काशीनाथरावांच्या चेहऱ्यावर लग्नघरचं तेज!

"त्या ओल्या बोर्डाची पिन भिंतीतून काढली असती," पाणी पुसत संपदा म्हणाली, "तर आपलीच लाईट आली असती ना?"

हरिश्चंद्रभाऊंनी श्रीखंड मागितलं.

दुसऱ्या दिवशी संचितानं नवी डिस्क बसवून सगळं तिच्यावर चढवलं. पडद्यावर तोच गणपतीपुळ्याचा समुद्र, तीच चिन्हं. काशीनाथरावांनी घाईघाईनं यादी खाली सरकवली. तीनशे नऊ. तीनशे दहा. तीनशे अकरा. आणि खाली कोरी जागा! त्यांनी पान वर नेलं, खाली नेलं, चष्मा पुसला. कोरीच!

"काय शोधताय?"

"काही नाही... सगळं आलंय ना, ते बघतोय."

"सुरू केलं त्या क्षणापर्यंतचं सगळं आलंय. नंतर कुणी काही लिहिलं असेल तरच ते गेलं." ती सहज म्हणाली. "पण तुम्ही कुठे हात लावला होतात!"

काशीनाथरावांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. पुन्हा टाइप करावं, तर ती संध्याकाळपर्यंत खुर्चीवरून हलली नाही. पुस्तक तिनंच छापखान्यात नेऊन दिलं.

रविवारी हॉल खचाखच भरला होता. हरिश्चंद्रभाऊंनी माईकवर चक्क काशीनाथरावांचं नाव घेतलं, पालखी स्वतः उचलल्याचं दोनदा सांगून. काशीनाथराव उभे राहिले. शाल खांद्यावर, पुस्तक हातात.

"मंडळी, मशीन गेलं! पण अभिमानानं सांगतो, आपलं एकही स्थळ हरवलं नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत सगळ्यात जोरानं टाळ्या संचिता वाजवत होती.

"एकही नाही ना, बाबा?" तिनं खालूनच विचारलं.

"...एकही नाही," काशीनाथराव म्हणाले, आणि शाल सावरत खाली बसले.