नळीनं पाणी पिणारं जंगल

शिकून आपल्या जंगलात परत येताना टिकलीच्या डोळ्यांसमोर एक चित्र होतं. तळ्याकाठी सगळे प्राणी शिस्तीत उभे आहेत. तळ्याच्या काळजीनं सगळ्यांचे चेहरे उतरलेत. आणि कुणीतरी म्हणतंय, "आलीस का गं बाई? तुझीच वाट पाहत होतो."

प्रत्यक्षात काय दिसलं ते ऐका, बाळांनो.

म्हैसमावशी पोरांसकट तळ्यात बसली होती. नुसती नाकं वर. हत्ती सोंडेत पाणी भरून पाठीवर उडवत होता, आणि त्यातलं निम्मं भलत्याच्याच पाठीवर पडत होतं. रानडुकरीण धुतलेले कंद पुन्हा धूत होती. बेडूक तर पाण्यातच राहत होता. फुकट.

टिकली पाणकोंबडी होती. काळीभोर, चपळ आणि कपाळावर लाल ठिपका, म्हणून टिकली. लहानपणी ती पाहुण्या बदकांबरोबर उत्तरेच्या बर्फाळ देशात शिकायला गेली. तिथं तिनं 'जलसंयम' हा विषय घेतला. तिथले प्राणी तळ्याला एक भोक पाडत, त्यात बारीक नळी सोडत आणि रांगेनं, न बोलता, एकेक घोट पीत. टिकलीला ते फार आवडलं. तळ्यावर हातभर बर्फ साचल्यावर दुसरं करणार तरी काय, हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

"मावशी, हे काय चाललंय तुमचं?" काठावरून टिकली ओरडली.

"अगं बया! टिकली ना तू? केवढी झालीस! ये, ये, उतर. पाणी छान आहे."

"सगळं तळं गढूळ केलंत! या तळ्याचा कधी विचार केलात?"

"तळ्यात बसूनच तर विचार करते गं. बाहेर माश्या करू देत नाहीत."

टिकलीनं कपाळाला पंख लावला आणि ती घरी गेली.

घर म्हणजे बोरूचं बेट. बोरू तुम्हाला माहीत नसेल. पाण्याच्या कडेला दाट वाढणारं, माणसाहून उंच, आतून पोकळ गवत ते. त्याच्या मुळांनी तळ्याचा काठ घट्ट धरून ठेवला होता, आणि त्याच्या गर्दीत आईनं घरटं बांधलं होतं. घरट्यात नवी अंडी होती. वरून घारीला दिसायची नाहीत, बाजूनं मुंगसाला सापडायची नाहीत.

"किती वाळलीस!" आई म्हणाली. "खायला घालत नव्हते का तिकडे?"

"आई, खायचं जाऊ दे. तळं दरवर्षी आटत चाललंय की नाही?"

"चाललंय खरं. पूर्वी त्या चिंचेपर्यंत पाणी असायचं."

हे मात्र खरं होतं, बाळांनो. टिकलीची काळजी खोटी नव्हती. तिला झोप लागेना, ती तळ्यापायीच.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात गेली. सिंहमहाराज जांभई देत होते. शेजारी घोरपडराव प्रधान बसले होते. घोरपडराव एकदा एखाद्या गोष्टीला चिकटले की सुटत नसत.

"महाराज," टिकली म्हणाली, "प्रत्येकानं नळीनं पाणी प्यायची सवय लावून घेतली, तर तळं वाचेल."

टिकलीनं सुचवली होती सवय. घोरपडरावांनी केला हुकूम. थेट चोचीनं, तोंडानं किंवा सोंडेनं पाणी पिण्यास बंदी. डुंबण्यास बंदी. कंद धुण्यास बंदी. आंघोळ दवानं करावी.

"आणि आम्ही?" महाराजांनी विचारलं.

"महाराजांचा जबडा नळीला बसत नाही. सबब महाराजांना सूट."

"आणि तुम्ही?"

"मी पाणी पीतच नाही, महाराज. मी फक्त तळ्यात उतरून पाहणी करतो."

नियम मोडणाऱ्याला फटके द्यावेत असं घोरपडरावांच्या मनात होतं. टिकली कळवळली. "फटके नकोत. काहीतरी सौम्य असू दे. दुपारपर्यंत एका पायावर उभं करा."

ती स्वतः रोज एका पायावर झोपायची. याहून सौम्य शिक्षा तिला सुचलीच नाही.

आणि हुकूम लागू झाला.

म्हैसमावशीनं उजाडताच नळी तोंडात धरली. तहान भागेपर्यंत ऊन वर आलं, आणि उन्हानं पुन्हा तहान लागली. हत्तीच्या सोंडेच्या टोकाला नळी बसवून भोवती चिखल थापला. त्याला शिंक आली. ती नळी पुढं कुणालाच सापडली नाही. बेडकाला तळ्यातून बाहेर काढलं, काठावर बसवलं आणि हातात नळी दिली.

"मी कातडीनं पितो हो," बेडूक म्हणाला.

"तशी सोय हुकमात नाही," पहाऱ्यावरचा वानर म्हणाला.

रानडुकरिणीची पिल्लं मातीनं इतकी माखली की आपलं कुठलं नि शेजारणीचं कुठलं ते तिला ओळखू येईना. तिनं चिडून एकाला पाण्यात बुचकळलं आणि दुपारपर्यंत एका पायावर उभं राहण्याचा प्रयत्न केला. दुपारपर्यंत ती पडत होती आणि वानर तिला उठवत होते. शिवाय बुचकळलेलं पिल्लू शेजारणीचंच निघालं.

"शिकून आली नि आम्हाला चोखायला शिकवलं," ती म्हणाली.

"तहान आमची नि मोजायची हिनं!" म्हैसमावशी म्हणाली. तळं बंद झाल्यापासून ती चिंचेखाली बसून शेपटीनं माश्या मारत होती आणि पोरांवर खेकसत होती. पूर्वी ती कधी कुणावर खेकसल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

टिकलीला हे ऐकू येत होतं. वाईटही वाटत होतं. पण नव्या गोष्टीला आधी विरोध होतोच, असं तिच्या पुस्तकात लिहिलं होतं. विरोध जितका जास्त, तितकी आपली वाट बरोबर, असं ती मनाला सांगायची.

आता तुम्ही विचाराल, एवढ्या नळ्या आल्या कुठून?

शाबास. हे टिकलीनं विचारलं नव्हतं.

वानर पहाटेच बोरू कापायला जात. एकेक तुकडा घेऊन फुंकून बघत. फुंकर आरपार गेली की नळी पास. मध्ये पेर आडवं आलं, फुंकर अडली की नळी नापास. नापास नळ्या दरबारामागच्या ओलसर खळग्यात फेकल्या जात. तिथं त्यांचा ढीग पास झालेल्यांपेक्षा मोठा झाला होता. पास झालेल्या नळ्याही पोरं चावून टाकत, मग नवीन कापाव्या लागत.

टिकली मात्र दरबारातच अडकलेली. आज हा अहवाल, उद्या ती पाहणी. घरी जायला सवड नव्हती. मग एका संध्याकाळी घोरपडराव म्हणाले, "बाई, उद्या सकाळी महाराजांच्या हस्ते तुमचा सत्कार. हिरवा तुरा मिळणार तुम्हाला."

ही बातमी आईला सांगायला टिकली धावत सुटली. काठावर आली आणि थबकली. तिला घर सापडेना.

बोरूचं बेट नव्हतं. जमिनीलगत कापलेली खुंटं होती. काठ ढासळला होता, तळ्यावर सावलीचा ठिपका नव्हता आणि पाणी पार आत सरकलं होतं. उघड्या चिखलात एक घरटं होतं. त्यावर पंख पसरून आई बसली होती.

"आई! बोरू कुठं गेला?"

"कापून नेला गं. तुझंच काम आहे म्हणाले. मग मी कशी अडवू? उलट घरटं थोडं सरकवून घेतलं. म्हटलं, त्यांना अडचण नको."

"अंडी?"

"आहेत, आहेत. मी उठतच नाही ना. ती बघ, वर घार. सकाळपासून घिरट्या घालतेय मेली."

"आणि पाणी? पाणी प्यालीस?"

आईनं पंखाखालून नळी काढून दाखवली. "पाण्यापर्यंत पोचत नाही गं."

"मग चोचीनं प्यायचंस, चार पावलं जाऊन!"

"अंडी टाकून? आणि टिकलीच्या आईनंच नियम मोडला, असं उद्या चारचौघांत व्हायला नको. तुझं नाव चांगलं झालंय."

टिकली पाण्याकडे गेली, चोच भरून आणली आणि आईच्या चोचीत ओतली.

"अगं, नियम..."

"पी आधी."

मग ती उलट पावली दरबारात गेली. "प्रधानजी, हुकूम मागं घ्या. तळं आटतंय!"

"आटतंय?" घोरपडरावांचे डोळे चमकले. "म्हणजे नियम सैल पडला. उद्यापासून अर्धी नळी."

"अहो, नळ्यांमुळेच आटतंय! बोरू संपला. काठ सुटला."

"बोरू संपला? वाईट झालं. आपण बोरू वाचवण्याचा हुकूम काढू. आता कापला तर कडक शिक्षा."

"आता कापायला आहे कुठं?"

"बघा, हुकूम निघायच्या आधीच पाळला जातोय. बाई, तुम्ही दमलात. उद्या तुरा घ्यायचाय, आराम करा."

टिकली मागच्या दारानं बाहेर पडली. डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे खळगा दिसला नाही. ती नापास नळ्यांच्या ढिगात पडली.

उठता उठता तिच्या पायाला काहीतरी मऊ लागलं. तिनं वाकून पाहिलं. ज्या पेरामुळे नळी नापास झाली होती, त्याच पेरातून हिरवा कोंब बाहेर आला होता. शेजारच्या नळीलाही. त्याच्या शेजारच्याही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दरबारात नगारा वाजला. तुरा तबकात ठेवला गेला. टिकली तेव्हा चिंचेखाली उभी होती. चोचीत नळ्यांची मोळी. ती तिनं खाली ठेवली.

"मावशी, तळ्यात बसतेस का?"

म्हैसमावशीनं एक डोळा उघडला. "परीक्षा घेतेस का माझी?"

"नाही गं. आईच्या घरट्याला आडोसा राहिला नाही. वर घार फिरतेय. तू नि पोरं कडेला बसलात, तर अंडी वाचतील."

"म्हणजे मी आता बोरू होऊ?"

"नवा उगवेपर्यंत."

"वा गं वा! पाण्यातून हाकलायला तूच, बोलवायलाही तूच. आणि तो वानर येईल त्याचं काय? चार पायांवर उभी राहिले तरी माझे गुडघे कुरकुरतात. एका पायावर कशी राहू?"

"तुझ्या वाटणीचं मी राहीन."

"आणि पोरांच्या?"

"त्यांच्याही. डुकरिणीच्या. हत्तीच्या. जो कुणी तोंडानं पाणी पिईल, त्याच्या."

"मरशील की गं उभी राहून!"

"नाही मरणार." टिकलीनं मान खाली घातली. "मी झोपतेच तशी."

म्हैसमावशीनं दुसराही डोळा उघडला.

"म्हणून ती शिक्षा सौम्य वाटली होय तुला? भवाने, हे आधी सांगायचंस ना!"

आणि ती हसायला लागली. हसता हसता उठली, पोरांना हाक मारली आणि धप्पकन घरट्याच्या कडेला चिखलात जाऊन बसली. घारीला वरून आता नुसती काळी पाठ दिसत होती.

नगारा पुन्हा वाजला. वानर टिकलीच्या नावानं हाका मारत सुटले होते. टिकलीनं एक नापास नळी उचलली आणि पेराकडून चिखलात खोवली. मग दुसरी. मोळी संपली, तेव्हा पहिला वानर समोर येऊन उभा राहिला.

"बाई, चला! महाराज खोळंबलेत. तुरा घ्यायला चला!"

टिकलीनं सगळ्यांदेखत चोचीनं पाणी प्यायलं, आणि एक पाय पोटाशी घेतला.

"निरोप सांगा," ती म्हणाली. "शिक्षा चालू आहे. पाय मोकळा नाही."

तात्पर्य : तळं वाचवण्याचा हुकूम कधीही मागं घेऊ नये. तळं पुरतं आटलं की तो मोडायला कुणी उरत नाही, आणि मग तो शंभर टक्के पाळला जातो. फक्त नापास नळ्या वेळीच जाळून टाकाव्यात.