हेस्किथबाईंचा मोठा मुलगा

खेळाडू पारखण्यात माझा हात धरणारा अख्ख्या पश्चिम मेलबर्नमध्ये कोणी नाही, असं मी क्लबच्या सभेत उभं राहून ठणकावून सांगितलं. अशा बढाया मी नेहमीच मारतो, लोक सोडून देतात. त्या दिवशी मात्र टाळ्या पडल्या, आणि मी गोत्यात आलो.

तेव्हा सगळे भारावलेले होते, हे खरं. आमचा टॅनर्स फ्लॅट फुटबॉल क्लब दुसऱ्या फळीतला. फुटबॉल म्हणजे आमचा ऑस्ट्रेलियन, चेंडू हातात धरायचा आणि पायाने मारायचा. गेली कित्येक वर्षं आम्ही एका मोठ्या क्लबच्या दावणीला बांधलेले होतो. त्यांच्या पहिल्या संघात ज्यांना जागा नसे, ज्यांचा गुडघा बरा होत असे किंवा ज्यांचं प्रशिक्षकाशी वाजलेलं असे, ते शनिवारी आमच्याकडे खेळायला यायचे. ते गाडीतून उतरायचे, खेळायचे आणि आमच्या पोरांची नावंही न विचारता निघून जायचे. आमची पोरं बाकावर बसून संत्री सोलायची. शेवटी सभासदांनी हात वर करून ठरवलं, की बास झालं, आता स्वतंत्र व्हायचं.

स्वतंत्र झालो. लग्न मोडल्यावर बायकोने माहेरची भांडी परत न्यावीत, तसे मोठ्या क्लबने आपले खेळाडू उचलून नेले. उरली आमची संत्री सोलणारी पोरं. वर लीगवाल्यांनी बजावलं, की यंदा धड संघ उभा करा, नाहीतर पुन्हा त्याच मोठ्या क्लबच्या पंखाखाली जा. आणि हंगामातला पहिलाच सामना कोणाशी, तर त्याच मोठ्या क्लबच्या दुसऱ्या संघाशी.

आमच्या अध्यक्षा मॉरीन टकर. पूर्वी मुख्याध्यापिका होत्या, अजूनही सभेत कोणी कुजबुजलं तर त्याला उभं करतात. माझी बढाई ऐकून त्या म्हणाल्या, "लेस पॅस्को, मग खेळाडू आणायचं काम तुझं. गोल मारणारा एक तरी खणखणीत गडी आण."

मी गिप्सलँडमध्ये मेरिगल नावाच्या गावी गेलो. सगळा दुभत्या गायींचा मुलूख. तिथल्या मैदानावर त्या शनिवारी पाऊस असा कोसळत होता, की खेळाडू पळत आहेत का पोहत आहेत तेच कळत नव्हतं. नखशिखान्त चिखल. पण त्या चिखलातला एक उंच गडी तिघांच्या डोक्यावरून झेपावायचा, चेंडू हवेतल्या हवेत धरायचा आणि पुढच्या क्षणी तो चेंडू दोन उंच खांबांच्या मधून पार. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, हा हेस्किथांचा पोरगा. आई चहाच्या खोलीत आहे, भेटा.

नोएलीन हेस्किथ चहाच्या खोलीत कप विसळत होत्या. बाई ठेंगण्या, पण नजर अशी, की समोरच्या गायीनेही न सांगता दूध द्यावं. आमच्या क्लबची, नोकरीची, राहण्याची सगळी हकिगत मी सांगितली. खेळाडूला ठेवायला आमच्याच घरी जागा आहे, माझी बायको ग्लेनिस सुगरण आहे, हेही सांगितलं. आणि शेवटी म्हणालो, "बाई, तुमचा तो मोठा मुलगा आम्हाला द्या."

त्यांनी कप खाली ठेवला. "मोठा?" त्यांनी विचारलं. "नक्की मोठाच?"

"मोठाच," मी म्हणालो.

बाईंचे डोळे भरून आले. आईचं काळीज, मला वाटलं. पुढच्या रविवारी येऊन घेऊन जा, त्या म्हणाल्या.

त्याप्रमाणे गेलो. फाटकाशी बाई उभ्या होत्या, शेजारी सूटकेस आणि सूटकेसशेजारी ताडमाड उंच गडी. त्याचं नाव वॉरिक. हसरा, सव्वीसेक वर्षांचा. चिखल धुतल्यावर माणूस किती वेगळा दिसतो, असा विचार करत मी गाडी हाणली. बाई रस्त्यात येऊन हात हलवत होत्या. आता आठवतं, त्या मुलाला हात करत नव्हत्या, मला करत होत्या.

गाव मागे पडल्यावर मी त्याच्या त्या शनिवारच्या झेपांचं कौतुक सुरू केलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्या शनिवारी मी घरी झोपलो होतो. तो ब्रॉडी असेल. माझा धाकटा भाऊ."

गाडी रस्ता सोडून खड्ड्यात गेली. फार नाही, एक चाक.

ते बाहेर काढायला वॉरिकनेच धक्का मारला. परत बसला, हात पँटला पुसले आणि आपणच म्हणाला, "म्हणजे तुम्ही मला आणखी कधीतरी खेळताना बघितलं असणार."

मी तोंड उघडलं. पण तो खिडकीबाहेर बघत पुढे बोलू लागला. आमच्या फाटकाशी आजवर जी जी गाडी थांबली ती ब्रॉडीसाठी, तो म्हणाला. प्रशिक्षक यायचे ते ब्रॉडीसाठी, पोरी यायच्या त्याही ब्रॉडीसाठी. "मला न्यायला कोणी आलं, ही पहिलीच वेळ."

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला काय सांगायचं? मी म्हणालो, "हो तर. आणखी कधीतरी बघितलं."

वाटेत पेट्रोल भरायच्या निमित्ताने उतरलो आणि नोएलीनबाईंना फोन लावला. त्यांचा आवाज एकदम ताजातवाना होता. त्या म्हणाल्या, तुम्ही मोठा मागितलात, मी मोठा दिला. ब्रॉडी धाकटा आहे, नुसता उंच झालाय. शिवाय ब्रॉडी गेला तर गायींची धार कोण काढणार? वॉरिकला गायी लाथा मारतात. आणि त्याला सकाळी चार हाका मारून उठवा, त्या म्हणाल्या, तीन हाकांनी काही होत नाही.

सोमवारी मी आमचा प्रशिक्षक स्टाव्ह्रोस कलांत्झिसला एकट्याला गाठून वॉरिकची परीक्षा घ्यायला लावली. वॉरिकने चेंडूला लाथ मारली. चेंडू पुढे जाण्याऐवजी त्याच्या नडगीवरून उडून मागे आला आणि स्टाव्ह्रोसच्या हातातल्या कॉफीवर आदळला. स्टाव्ह्रोसने शर्टावरची कॉफी पुसली. मग मला बाजूला घेऊन त्याने ग्रीकमध्ये काहीतरी म्हटलं. भाषा येत नसली तरी माझ्या पूर्वजांचा उल्लेख होता, एवढं कळलं.

मी त्याला सगळं खरं सांगितलं. वॉरिकला परत नेऊन सोड, तो म्हणाला. मी म्हणालो, तू सोड. तो वॉरिककडे गेला. वॉरिकने त्याचा हात हातात घेतला आणि मला संघात घेतल्याबद्दल तुमचे उपकार मानतो म्हणाला. स्टाव्ह्रोस परत आला आणि डोकं धरून बसला. "लेस," तो म्हणाला, "याला कोणाच्या नजरेला पडू देऊ नकोस."

म्हणून आम्ही उठवून दिलं, की वॉरिकच्या मांडीचा स्नायू नाजूक आहे, तो सरावाला येणार नाही. इथेच चुकलं. लपवलेल्या वस्तूची किंमत वाढते. हेस्किथ नावाचा गिप्सलँडचा वाघ आणलाय आणि टॅनर्स फ्लॅटवाले त्याला झाकून ठेवताहेत, अशी बोलवा झाली. पबमध्ये एकजण शपथेवर सांगत होता, की त्याने वॉरिकला पहाटे अंधारात मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चेंडू मारताना पाहिलं. पहाटे! चार हाकांशिवाय न उठणाऱ्याला! स्थानिक वर्तमानपत्रात 'टॅनर्स फ्लॅटचं गुपित' असा मथळा आला. मॉरीनबाईंनी तो कापून दर्शनी भिंतीवर लावला आणि मला म्हणाल्या, "लेस, तुझ्याबद्दल माझा गैरसमज होता."

इकडे घरी वॉरिक ग्लेनिसचा लाडका झाला होता. खायचा भरपूर, पण प्रत्येक घासाला आभार मानायचा. गल्लीतल्या सगळ्यांची नावं, त्यांच्या कुत्र्यांची नावं, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी, सगळं त्याला आठवड्यात पाठ झालं. मी त्या गल्लीत चाळीस वर्षं राहतोय, समोरच्या बाईंना मी अजून 'अहो' म्हणतो. आणि बाकावरच्या पोरांना तर तो संध्याकाळी घरी बोलवायचा. कोण कुठे काम करतो, कोणाच्या घरी काय चाललंय, हे तो विचारायचा. त्या पोरांना क्लबात कोणी असं काही विचारलेलंच नव्हतं.

सामन्याचा दिवस उजाडला. मैदानाभोवती गाड्यांची रांग. सॉसेजच्या धुराने डोळे चुरचुरत होते. मोठ्या क्लबचा संघ आला तो आमच्याकडे बघतसुद्धा नव्हता, सगळे वॉरिकला शोधत होते. त्याला बाहेर ठेवण्याची सोय आता उरली नव्हती, मॉरीनबाईंनी त्याचं नाव फलकावर सगळ्यात वर स्वतः लिहिलं होतं.

स्टाव्ह्रोसने वॉरिकला जवळ बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, की बाबा रे, चेंडू जिकडे जाईल त्याच्या उलट दिशेला पळ.

"एवढंच?" वॉरिकने विचारलं.

"एवढं नीट जमलं तरी खूप झालं."

खेळ सुरू झाला आणि मोठ्या क्लबचे सगळ्यात दणकट दोन बचावपटू वॉरिकला चिकटले. तो डावीकडे गेला की ते डावीकडे. तो कोपऱ्यात गेला की ते कोपऱ्यात. चेंडू या टोकाला असताना तो त्या टोकाला का पळतोय, हे त्यांना कळेना. काहीतरी डाव असणार असं समजून तिसराही मदतीला धावला. वॉरिकने तिघांशी ओळख करून घेतली. अर्ध्या वेळेपर्यंत त्यातल्या एकाची आजी मेरिगलची निघाली.

आणि गोलासमोर हा मोकळा माळ पसरला! आमची संत्री सोलणारी पोरं त्या माळावर अशी उधळली, जशी आयुष्यभर कोंडलेली वासरं. ज्यांना मोठ्या क्लबने वर्षानुवर्षं बाकावर बसवलं, त्यांनीच त्यांच्यावर गोलामागून गोल चढवले. शेवटचा भोंगा वाजला तेव्हा आम्ही पुढे होतो. वॉरिकचा चेंडूला एकदाही हात लागला नव्हता. पोरांनी खांद्यावर घेतलं ते त्यालाच.

मी डोळे पुसत होतो, एवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला. नोएलीनबाई सामना बघायला आल्या होत्या, आणि शेजारी तसाच ताडमाड गडी. मॉरीनबाई चहाचे कप घेऊन त्यांच्याकडे निघाल्या. मला वाटलं, मैदानाने दुभंगून मला पोटात घ्यावं. मैदान कसलं ऐकतंय.

मॉरीनबाईंनी वॉरिकबद्दल नोएलीनबाईंचं अभिनंदन केलं. आई म्हणाली, वॉरिक चालला पठ्ठ्या. लहानपणापासून त्याला चेंडूची भीती, म्हणून मला काळजी होती. खेळतो तो हा, ब्रॉडी.

मॉरीनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी उभाच होतो, तरी पुन्हा उभा राहिलो.

कपडे बदलायच्या खोलीत वॉरिक एकटा बूट सोडत बसला होता. मी त्याच्याजवळ गेलो. त्याला निदान माझ्या तोंडून कळावं, असं वाटलं. मी सुरुवात करणार तोच तो म्हणाला, "मला माहीत आहे, लेस. गाडी खड्ड्यात गेली तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"प्रत्येक फाट्याला वाटायचं, आता तुम्ही गाडी वळवणार. तुम्ही वळवली नाहीत." त्याने बुटाची नाडी गुंडाळून ठेवली. "त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले होते."

आभार तो माझे मानत होता. बाहेर आमचा क्लब आमच्याच पोरांच्या जिवावर जिंकून गात होता, आणि आभार तो माझे मानत होता. मी त्याच्या शेजारी बसलो आणि नाकात काहीतरी गेल्याचं सोंग केलं.

पुढे म्हणाल, तर त्या हंगामात आम्ही नंतरचे बरेच सामने हरलो, कारण वॉरिकची कीर्ती ओसरली आणि बचावपटू शहाणे झाले. पण संघ टिकला, क्लब स्वतंत्र राहिला. नोएलीनबाईंनी धार काढायचं यंत्र घेतलं आणि पुढच्या वर्षी धाकटाही दिला. ब्रॉडीने एप्रिल आणि मे गाजवले. जूनमध्ये मोठ्या क्लबने त्याला उचलला. आम्ही त्याला निरोपाला केक कापला. आमच्यासारख्यांकडे दुसरं काय असतं?

वॉरिकला मात्र कोणी उचललं नाही, यासाठी मी रोज देवाचे आभार मानतो. मॉरीनबाईंनी खेळाडू आणायचं काम आता त्याच्याकडे दिलंय. तो गावोगाव जातो, आयांशी बोलतो, थोरला किती, धाकटा किती, गायी किती, सगळं विचारून घेतो, आणि पोरं त्याच्यामागे येतात. कारण त्यांना न्यायला आलेला माणूस त्यांचं नाव बरोबर घेतो.

त्याला गाडी चालवता येत नाही, म्हणून मी सोबत असतो. फाटकाशी थांबायचं आणि आत येऊन कोणाच्या आईशी बोलायचं नाही, असं मला क्लबने लेखी कळवलं आहे.